विश्वाचं उचंत खातं: डार्क मॅटर आणि प्रकाशवेगी प्रवास (काही शंका)

खतावणी
शनिवार, रात्री ९:१२

मंडळी, नमस्कार. मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. सहकारी बँकेत ३१ वर्षं खतावणी लिहिली, शेवटची काही वर्षं संगणकावर. प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

विज्ञान दिनाला नातवाला (इयत्ता सहावी) घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला गेलो होतो, ती जीएमआरटी दुर्बीण बघायला. एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा ३०. खाली उभं राहून वर पाहिलं की मान अवघडते. तिथल्या एका संशोधक मुलीनं पोरांना सांगितलं, की विश्वात साधं द्रव्य जेवढं आहे त्याच्या पाचपटीहून जास्त न दिसणारं द्रव्य आहे. त्याला डार्क मॅटर म्हणतात आणि ते कशाचं बनलंय हे अजून कुणालाच ठाऊक नाही. परतीच्या एसटीत नातवाचा प्रश्न: "आजोबा, यान प्रकाशाच्या वेगानं निघालं आणि मध्ये डार्क मॅटर आलं तर धडकेल का? ते तर दिसतच नाही." मी म्हटलं, घरी गेल्यावर सांगतो. आता आठ दिवस झाले. पोरगं रोज वसुलीला येतंय.

माझी स्वतःची अडचण जरा वेगळी आहे. बँकेत संध्याकाळी जमा-नावे जुळेना की फरकाची रक्कम उचंत खात्याला टाकून आम्ही घरी जायचो आणि सकाळी चूक शोधायचो. चूक दोनच जातीची निघायची. एकतर एखादं व्हाउचर कुठंतरी राहिलेलं, नाहीतर बेरीजच चुकलेली. डार्क मॅटर मला तसलंच उचंत खातं वाटतंय. मग हे राहिलेलं व्हाउचर आहे की चुकलेली बेरीज? आणि नातवाला काय सांगू?

---

साबुदाणा
शनिवार, रात्री ९:१५

पहिला नंबर माझा. चिवडा घेऊन बसलोय.

---

दुर्बीणवाला
शनिवार, रात्री १०:०३

खतावणीकाका, उचंत खातं ही उपमा आपण पळवणार. आमच्या आकाशदर्शनाच्या गटात उद्याच वापरतो.

आधी फरक कुठं निघाला ते बघू. आपल्या सूर्यमालेत हिशेब चोख आहे. बुध सेकंदाला साधारण ४७ किलोमीटर वेगानं फिरतो, पृथ्वी ३०, आणि पार टोकाचा नेपच्यून जेमतेम साडेपाच. सूर्यापासून लांब गेलं की ओढ कमी आणि वेगही कमी. कारण जवळपास सगळं वजन मधोमध सूर्यात आहे.

दीर्घिकेचंही (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखा ताऱ्यांचा अफाट पसारा) तसंच असायला हवं होतं. तारे मध्यभागी दाटीवाटीनं आणि कडेला विरळ, म्हणजे कडेचे तारे सावकाश फिरायला हवेत. १९७० साली व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिकेतले वेग मोजून प्रसिद्ध केले. फोर्डनं बनवलेल्या वर्णपटमापकामुळे अंधूक ठिकाणांचे वर्णपटही (प्रकाशातले रंग सुटे करून, त्यावरून वेग कळतो) घेता यायला लागले होते. कडेकडे जाताना वेग उतरायला हवा होता, तो उतरलाच नाही. पुढं त्यांनी आणखी कितीतरी दीर्घिका तपासल्या, सगळीकडे तेच. वेगाचा आलेख एका उंचीवर जातो आणि मग सपाट, सोलापूरच्या रस्त्यासारखा.

यात खोडदसारख्या रेडिओ दुर्बिणींचा संबंध असा, की तारे संपतात तिथंही दीर्घिका संपत नाही. पुढं थंड हायड्रोजन वायू पसरलेला असतो आणि तो २१ सेंटीमीटर तरंगलांबीवर रेडिओलहरी सोडतो. त्या मोजल्या की ताऱ्यांच्याही बाहेरचा वेग कळतो. तोही सपाटच निघाला. म्हणजे जिथं काहीच दिसत नाही तिथंही कुणीतरी ओढतंय.

---

रानमोगरा
शनिवार, रात्री १०:२०

रुबिनबाईंबद्दल एक अवांतर. पालोमार वेधशाळेत बायकांना निरीक्षणाची अधिकृत परवानगी मिळत नसे. १९६५ साली ती मिळालेल्या त्या पहिल्या. तिथं स्वच्छतागृह एकच होतं, पुरुषांचं. बाईंनी कागदाचा परकर कापला आणि दारावरच्या पुरुषाच्या चित्राला चिकटवला. नोबेल शेवटपर्यंत मिळालं नाही, २०१६ मध्ये गेल्या. आता चिलीत डोंगरावर त्यांच्या नावाची वेधशाळा उभी आहे. ह्याला उशिरा सुचलेलं शहाणपण म्हणतात.

---

टकमक
शनिवार, रात्री ११:४१

म्हणजे मोजलेला वेग सूत्रात बसला नाही, तर सूत्र तपासायचं सोडून न दिसणारं द्रव्य ओतायचं. अशी सवलत आम्हाला दहावीला मिळाली असती तर बोर्डात आलो असतो.

काका, तुमची दुसरी शंका धरून ठेवा. बेरीज चुकलीय.

---

दुर्बीणवाला
रविवार, सकाळी ७:५०

टकमक, ही शंका शास्त्रज्ञांनाही आली होती. मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये तोच रस्ता धरला: त्वरण (वेग बदलण्याचा दर) फारच क्षीण असेल तिथं न्यूटनचा नियम बदलतो असं धरा, मग वेगळं द्रव्य लागत नाही. एकेकट्या दीर्घिकांच्या बाबतीत हे गणित चमत्कारिकरीत्या चांगलं जुळतं. हे मान्य न करणारे उगाच ताठपणा करतात.

गाडी अडते ती दीर्घिकांच्या समूहांपाशी. आणि खरं तर फरक पहिल्यांदा जोरात बोंबलला तोही तिथंच. फ्रिट्झ झ्विकी हा मुलखाचा भांडखोर माणूस. त्यानं १९३३ साली कोमा समूहातल्या दीर्घिकांचे वेग पाहिले. त्या इतक्या जोरात पळत होत्या की दिसणाऱ्या वजनानं त्या एकत्र राहणं शक्यच नव्हतं, समूह कधीच उधळला असता. त्याचा फरक ४०० पटींचा निघाला. तेव्हा विश्वाच्या प्रसरणाचा दर फार चुकीचा धरत, म्हणून तो आकडा फुगला. आज फरक बराच लहान झालाय, पण मिटलेला नाही. मिलग्रोमचं सूत्र लावूनही समूहांत थोडं न दिसणारं द्रव्य शिल्लक राहतंच.

---

फळा_डस्टर
रविवार, सकाळी ९:३२

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. काकांच्या दोन शक्यतांना खगोलशास्त्राच्या इतिहासात एकेक धडधडीत उदाहरण आहे, आणि गंमत म्हणजे दोन्हींत माणूस तोच.

युरेनस आपल्या ठरलेल्या वाटेवरून थोडा भरकटत होता. फ्रान्सच्या ल व्हेरिएनं कागदावर गणित करून सांगितलं, की पलीकडे एक न दिसलेला ग्रह त्याला ओढतोय, अमुक जागी बघा. १८४६ मध्ये बर्लिनच्या गाल्लेनं पहिल्याच रात्री तो शोधला. तोच नेपच्यून. व्हाउचर राहिलं होतं, सापडलं.

पुढं बुधाच्या कक्षेतही बारीकशी गडबड दिसली, शतकाला ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग). ल व्हेरिएचा हात आता बसला होता. त्यानं सूर्याजवळ आणखी एक ग्रह मांडला आणि त्याचं व्हल्कन असं नावही पडलं. लोकांनी तो ‘पाहिल्याचं’ कळवलंही. असा ग्रह नव्हताच. १९१५ मध्ये आइन्स्टाइननं गुरुत्वाकर्षणाचा नियमच नवा लिहिला आणि ते ४३ विकला आपोआप निघाले. इथं बेरीज चुकली होती.

त्यामुळे टकमक यांची शंका वेडगळ नाही. फक्त डार्क मॅटरच्या बाबतीत पुरावे एका वहीतले नाहीत. २००६ मध्ये ‘बुलेट क्लस्टर’चा अभ्यास आला. हे दोन दीर्घिकासमूह एकमेकांतून आरपार गेलेत. समूहातलं बहुतेक साधं द्रव्य म्हणजे तापलेला वायू. तो एकमेकांवर घासून मध्येच रखडला, क्ष-किरणांत तो स्पष्ट दिसतो. मागच्या दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो यावरून वजन कुठं आहे ते काढलं, तर वजन वायूपाशी नाहीच! ते पुढं निघून गेलंय, न अडखळता. नुसती बेरीज चुकली असती तर वजन दिसणाऱ्या वायूपाशीच भरायला हवं होतं.

शिवाय महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाचा नकाशा प्लँक उपग्रहानं काढला. त्यावरून स्वतंत्रपणे हिशेब येतो: साधं द्रव्य सुमारे ५ टक्के, डार्क मॅटर २७, डार्क एनर्जी ६८. वेगवेगळ्या शाखांनी वेगवेगळ्या वह्या लिहून फरकाची रक्कम साधारण एकच काढावी, तसं आहे हे.

---

खतावणी
रविवार, सकाळी १०:१५

बाई, हे एकदम पटलं. एका शाखेचा फरक कारकुनाच्या चुकीनं येतो. सगळ्या शाखांचा तोच फरक यायला लागला की आम्ही मुख्य कार्यालयात फोन करायचो.

पण मग डार्क एनर्जी हे दुसरं उचंत खातं का? आणि तेही ६८ टक्के? अशा बँकेला रिझर्व्ह बँकेनं टाळं ठोकलं असतं.

---

फळा_डस्टर
रविवार, सकाळी १०:३८

हो, दुसरं खातं, आणि त्याचा स्वभाव उलटा. एक ओढतं, दुसरं विश्वाचं प्रसरण वाढवतं. नावं सारखी म्हणून लोक गल्लत करतात. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, नाहीतर इथं राडा होईल.

---

एसटी_स्टँड
रविवार, दुपारी १२:०५

ते सगळं खरं, पण नातवाचा प्रश्न तसाच राहिला. यान धडकेल का नाही? आणि हे डार्क मॅटर अवकाशात तिकडं लांब आहे का माझ्या खोलीतपण आहे? बायको म्हणते खोलीत बरंच काही आहे जे मला दिसत नाही.

---

दुर्बीणवाला
रविवार, दुपारी १:४४

तुमच्या खोलीतही आहे, वहिनींचं बरोबर आहे.

सूर्याच्या आसपास डार्क मॅटरची घनता साधारण अशी: दर तीन घन सेंटीमीटर जागेत एका प्रोटॉनइतकं वस्तुमान. चहाच्या चमच्यात दीड-दोन प्रोटॉन. सगळ्या पृथ्वीचं आकारमान घेतलं तरी त्यात कोणत्याही क्षणी अर्धा ते पाऊण किलो डार्क मॅटर भरतं. अख्ख्या पृथ्वीत, पोहे भिजवायच्या पातेल्यात मावेल एवढं! म्हणून सूर्यमालेच्या हिशेबात ते जाणवत नाही. पण आकाशगंगेची जागा इतकी अफाट आहे, की तिथं हेच चिल्लर साठून ताऱ्यांच्या वजनाला भारी पडतं.

आणि धडकणं म्हणजे तरी काय? टेबलावर हात आपटला तर तो आरपार जात नाही, कारण हातातले इलेक्ट्रॉन टेबलातल्या इलेक्ट्रॉनांना विद्युतबलानं ढकलतात. डार्क मॅटरला हे बल लागूच होत नाही, म्हणून तर ते चमकत नाही आणि प्रकाश अडवतही नाही. तेव्हा यान त्याच्यातून जाईल आणि ते यानातून. नातवाला सांगा, आत्ता या क्षणी ते तुझ्यातून जातंय.

पोरगं पुढं विचारेल की मग त्याचे दगडधोंडे, ग्रह का होत नाहीत. साधा वायू तापला की प्रकाश सोडतो, उष्णता घालवतो आणि आकसत जातो. असं आकसूनच तारे-ग्रह बनले. डार्क मॅटरला चमकताच येत नाही, म्हणजे थंड व्हायची सोय नाही. ते आपलं दीर्घिकेभोवती फुगलेल्या गोळ्यासारखं पसरून राहतं.

---

टकमक
रविवार, दुपारी २:३०

सोयीचं द्रव्य आहे. दिसत नाही, लागत नाही, अडत नाही. फक्त जिथं गणित अडतं तिथं हजर.

पकडलं का कुणी आजवर? हो का नाही, एका शब्दात.

---

काजवा
रविवार, दुपारी ३:१७

नाही.

(एका शब्दात झालं. आता थोडं जास्त.) मी या क्षेत्रात नाही, पण माझा एक वर्गमित्र अशाच प्रयोगासाठी खाणीत उतरतो, त्यामुळे कानावर पडत असतं. कल्पना अशी: विद्युतबल नाही तर नाही, पण एखादा कण कधीतरी एखाद्या अणुकेंद्राला हलकी टिचकी मारून जात असेल तर ती पकडायची. त्यासाठी बाहेरचा सगळा गोंगाट बंद पाहिजे, म्हणून खोल जमिनीखाली. अमेरिकेत दक्षिण डाकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत दीड किलोमीटर खोल ७ टन द्रवरूप झेनॉनची टाकी ठेवलीय. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली तशीच दुसरी. आपल्याकडे झारखंडात जादुगुडाच्या युरेनियमच्या खाणीत ५५० मीटर खाली प्रयोगशाळा आहे, २०१७ पासून. झेनॉनच्या टाक्यांनी अजून एकही पक्की टिचकी नोंदवलेली नाही.

एक अपवाद फार वर्षं गाजतोय. सूर्य आकाशगंगेत सेकंदाला सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगानं हंस तारकासमूहाच्या दिशेनं चाललाय, म्हणजे डार्क मॅटरचा वारा आपल्याला समोरून लागायला हवा. जूनमध्ये पृथ्वीचा वेग त्यात मिळतो, डिसेंबरमध्ये वजा होतो. ग्रान सासोतल्याच डामा नावाच्या प्रयोगात वर्षानुवर्षं नेमका असा चढउतार दिसला. पण त्याच जातीचे सोडियम आयोडाइडचे स्फटिक वापरून स्पेन आणि कोरियात पडताळा घेतला, तिथं तो दिसला नाही. मित्राला विचारलं की मग डामाला काय दिसतंय? तो म्हणाला, चहा सांग.

---

जुनं_ते_सोनं
रविवार, सायंकाळी ६:५०

प्रकाशवेगी प्रवासात काळ मंदावतो हे आपल्या पूर्वजांना माहीत होते. रैवत ककुद्मी राजा कन्या रेवतीसाठी वर विचारायला ब्रह्मलोकी गेला. तिथे गंधर्वांचे गायन चालू होते, ते संपेपर्यंत थांबला. तेवढ्यात पृथ्वीवर २७ चतुर्युगे उलटली. पाश्चात्त्यांना हे कळायला १९०५ साल आणि आइन्स्टाइनचा सापेक्षता सिद्धांत उजाडावा लागला.

---

टकमक
रविवार, सायंकाळी ६:५३

आला. वाटच बघत होतो.

---

फळा_डस्टर
रविवार, सायंकाळी ७:४०

भांडू नका. गोष्ट सुंदर आहे आणि मी वर्गात सांगतेही. पण नीट वाचा: राजा आणि रेवती तिथं गाणं ऐकत बसलेत, धावत नाहीत. काळ मंदावला तो वेगामुळे नव्हे, जागेमुळे. ओढूनताणून जुळवायचंच तर ते तीव्र गुरुत्वाकर्षणापाशी जुळेल. आणि भौतिकीत नुसतं ‘मंदावतो’ म्हणून भागत नाही. किती वेगाला किती, हा आकडा द्यावा लागतो.

पूर्वजांचाच अभिमान धरायचा तर अगदी जवळचे, मुंबईचे देते. १९३८ साली होमी भाभा केंब्रिजला होते. वैश्विक किरणांत (अवकाशातून येणारे वेगवान कण) सापडलेला नवा कण अस्थिर असावा आणि वेगामुळे त्याचं आयुष्य लांबलेलं दिसावं, ही सापेक्षतेची थेट परीक्षा ठरेल, असं त्यांनी मांडलं. आज त्या कणाला म्युऑन म्हणतात. तो १५ किलोमीटर उंचीवर वगैरे जन्मतो. त्याचं सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद, म्हणजे प्रकाशाच्या वेगानं पळाला तरी ६६० मीटरमध्ये खेळ खलास. तरीही तो जमिनीवर पोचतो. आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक जातो. १९४१ मध्ये रॉसी आणि हॉल यांनी कोलोरॅडोत डोंगरावर आणि खाली म्युऑन मोजून हिशेब ताडून पाहिला, तो सापेक्षतेशी जुळला. प्रकाशवेगी प्रवासी रोज आपल्या अंगावर येऊन आदळतायत आणि आपण यानाची वाट बघतोय.

---

साबुदाणा
रविवार, रात्री ८:०२

हा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

---

एसटी_स्टँड
रविवार, रात्री ८:२५

बाई, आमच्यासारख्यांना वेळापत्रक पाहिजे. समजा सगळ्यात जवळच्या ताऱ्याला जायचं. कितीला सुटणार, कितीला पोचणार?

---

फळा_डस्टर
रविवार, रात्री ९:५६

घ्या.

सूर्यानंतरचा जवळचा तारा प्रॉक्झिमा सेंटॉरी, ‘मित्र’ (अल्फा सेंटॉरी) या ताऱ्याच्या कुटुंबातला. अंतर ४.२४ प्रकाशवर्षं (प्रकाश वर्षभरात जातो ते एक प्रकाशवर्ष).

सूर्यमालेबाहेर निघालेलं नासाचं व्हॉयेजर-१ यान सेकंदाला १७ किलोमीटर जातं. पुणे-मुंबई नऊ सेकंदांत. या वेगानं प्रॉक्झिमाला ७५ हजार वर्षं. नासाच्या पार्कर यानानं डिसेंबर २०२४ मध्ये सूर्याजवळून जाताना सेकंदाला १९२ किलोमीटर गाठले, तो माणसानं बनवलेल्या यानाचा विक्रम. तो वेग सतत टिकला तरी साडेसहा हजार वर्षं. आणि हा वेग प्रकाशाच्या एक टक्काही नाही, ०.०६४ टक्के.

प्रकाशाच्या ९९ टक्के वेगानं गेलात तर पृथ्वीवरची घड्याळं सव्वाचार वर्षं दाखवतील आणि तुमचं घड्याळ सात महिने. पण एवढा वेग एका दणक्यात घेतला तर प्रवाशाचं पिठलं होईल. म्हणून माणसाला झेपेल असं, पृथ्वीवर वजन वाटतं तेवढंच त्वरण धरा. अर्धी वाट वेग वाढवत जायचं, मध्यावर यान उलटं फिरवायचं आणि उरलेली अर्धी वाट ब्रेक. मग यानात साडेतीन वर्षं लागतात, पृथ्वीवर जवळपास सहा. मध्यावर वेग प्रकाशाच्या ९५ टक्के.

हीच पद्धत चालू ठेवली तर पुढचे आकडे वेड लावतात. आकाशगंगेचं केंद्र २६ हजार प्रकाशवर्षांवर, यानातली २० वर्षं. देवयानी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षांवर, यानातली २८-२९ वर्षं. तिशीत निघालेली बाई साठीच्या आत देवयानीत. फक्त इकडं २५ लाख वर्षं उलटलेली.

म्हणून ‘प्रकाशाची वेगमर्यादा आहे म्हणून माणूस ताऱ्यांवर जाऊ शकत नाही’ हे वाक्य मला खटकतं. प्रवाशाच्या आयुष्यात असली अफाट अंतरं बसतात. अडतं ते खर्चापाशी.

---

खतावणी
रविवार, रात्री १०:११

खर्च सांगा. हा माझा प्रांत.

---

फळा_डस्टर
रविवार, रात्री १०:४९

एक किलो वस्तू प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाला न्यायला लागणारी ऊर्जा सुमारे ५.५ गुणिले १० चा १७ वा घात ज्यूल. मराठीत सांगायचं तर कोयना प्रकल्पाची सगळी १,९६० मेगावॅट क्षमता रात्रंदिवस, एक क्षण न थांबता, जवळजवळ नऊ वर्षं. एक किलोसाठी! म्हणजे नातवाच्या पाण्याच्या बाटलीसाठी. नातू वेगळा.

इंधन बरोबर न्यायचं तर आणखी हाल, कारण इंधनालाही ओढायचं असतं. शक्य त्यात उत्तम रॉकेट म्हणजे द्रव्य-प्रतिद्रव्य जाळून निव्वळ प्रकाश मागं सोडणारं (प्रतिद्रव्य म्हणजे द्रव्याचं उलटं जुळं, दोन्ही भेटली की नष्ट होऊन ऊर्जा उरते). तरीही ९९ टक्के वेग घेऊन पुन्हा थांबायला एक टन यानामागं १९८ टन इंधन लागतं, त्यातलं निम्मं प्रतिद्रव्य. परतही यायचं तर सुमारे ४० हजार टन. आणि आजवर प्रयोगशाळांत बनलेलं प्रतिद्रव्य काही नॅनोग्रॅमच्या घरातलं आहे.

---

खतावणी
रविवार, रात्री १०:५५

कर्ज नामंजूर.

---

काजवा
सोमवार, सकाळी ८:१०

काका :)

पण खर्च भागला असं धरलं तरी यान वाचायचं नाही, आणि मारेकरी डार्क मॅटर नाही. मारेकरी साधी धूळ. ताऱ्यांमधली जागा अगदी रिकामी नसते, ढोबळमानानं घन सेंटीमीटरला एखादा हायड्रोजनचा अणू असतो. ९९ टक्के वेगानं जाताना हेच अणू समोरून वैश्विक किरणांसारखे घुसतात. मी हिशेब केला: यानाच्या तोंडाच्या दर चौरस सेंटीमीटरवर १९० वॅट. पृथ्वीपाशी सूर्याचं ऊन पडतं त्याच्या हजारपटीहून जास्त, तेही साधं ऊन नव्हे, किरणोत्सारी मारा. आणि वाळूचा एक मिलिग्रॅमचा कण आडवा आला तर १३० टन टीएनटीचा स्फोट.

२०१६ साली युरी मिलनर आणि स्टीफन हॉकिंग यांनी ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ जाहीर केला, तो याच कारणांनी माणूस वगळून होता. काही ग्रॅमचं यान, त्याला पातळ शीड, जमिनीवरून लेसरचा झोत मारून प्रकाशाच्या २० टक्के वेगापर्यंत न्यायचं. त्यांनाही धुळीचा विचार करावा लागला.

---

टकमक
सोमवार, सकाळी ९:०५

एक खरी शंका (टोमणा नाही). वेग वाढला की वस्तुमान वाढतं म्हणतात. मग पुरेसा वेग घेतला की यानाचं कृष्णविवर होईल का?

---

फळा_डस्टर
सोमवार, दुपारी १:२०

चांगली शंका. होणार नाही. यानात बसलेल्याला यान स्थिरच वाटतं, त्याच्या दृष्टीनं काहीच दाटलेलं नाही. कृष्णविवर झालं का नाही हे बघणाऱ्यावर अवलंबून राहू शकत नाही. ‘वस्तुमान वाढतं’ ही जुन्या पुस्तकांतली भाषा आहे, ती असले घोळ घालते म्हणून मी वर्गात ती सोडून दिली. वाढते ती ऊर्जा.

---

साबुदाणा
सोमवार, दुपारी २:१५

माझी एक भन्नाट आयडिया. इंधन न्यायला परवडत नाही, आणि डार्क मॅटर वाटेत फुकट सगळीकडे पडलंय. तेच जाळत जायचं! पेटंट माझं.

---

काजवा
सोमवार, दुपारी ३:३३

पेटंट गेलं. २००९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या जिया लिऊ यांनी हे मांडलंय. त्याच्याही आधी, १९६० साली, रॉबर्ट बसार्डनं वाटेतला हायड्रोजन गोळा करून जाळायची कल्पना दिली होती. डार्क मॅटरचे कण स्वतःच स्वतःचे प्रतिकण असतील तर दोन कण भेटले की नष्ट होऊन सगळं वस्तुमान ऊर्जेत बदलेल, अशी मेख आहे.

काल रात्री झोप येईना म्हणून आकडेमोड केली. यानाचं तोंड १० मीटर बाय १० मीटर, वेग प्रकाशाच्या ९९ टक्के, आणि समोर येणारं सगळंच्या सगळं डार्क मॅटर पकडलं असं समजू. वर्षभरात किती जमेल? अर्धा ग्रॅम. ते पूर्ण ऊर्जेत बदललं तर शक्ती मिळते साधारण १.४ मेगावॅट. साताऱ्याच्या पठारावर एक मोठी पवनचक्की लावावी तेवढी. आणि मुळात जे दीड किलोमीटर खोल खाणीत ७ टन झेनॉन लावून टिचकीपुरतंही हाती लागलं नाही, ते टाकीत कोंडायचं कसं? कसलीच भिंत त्याला अडवत नाही.

---

टकमक
सोमवार, दुपारी ३:५०

उचंत खात्यातले पैसे काढून पेट्रोल भरायला निघालेत.

(हे मात्र मान्य करतो, की बुलेट क्लस्टरवर माझ्याकडे उत्तर नाही. वाचतोय.)

---

खतावणी
मंगळवार, रात्री ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. नातवाला काल बसवून सांगितलं. डार्क मॅटरला यान धडकणार नाही, ते आरपार जातं, आत्ताही तुझ्यातून जातंय. त्यानं शर्ट वर करून पोट बघितलं. मग अख्ख्या पृथ्वीत ते अर्धा-पाऊण किलोच असतं म्हटल्यावर स्वयंपाकघरातून वजनकाटा घेऊन आला. साखर मोजून ‘एवढं?’ म्हणाला. त्याच्या आजीचा डबा सांडला, त्यावर वेगळी चर्चा झाली.

शेवटी सांगितलं की यानाला खरी भीती साध्या धुळीची. त्यानं वहीत यानाचं चित्र काढलंय आणि पुढं भलामोठा झाडू लावलाय. ते बघून मला फार बरं वाटलं.

माझ्यापुरतं म्हणाल तर फरकाची रक्कम इतक्या वह्यांत सारखी येतेय म्हटल्यावर मी व्हाउचर राहिलंय या बाजूला झुकलो आहे. सही मात्र व्हाउचर हातात आल्यावरच करीन, ती सवय जात नाही.

---

एसटी_स्टँड
मंगळवार, रात्री ८:४७

काका, झाडूत एक चूक आहे. बाईंनी सांगितलं ना, अर्ध्या वाटेवर यान उलटं फिरवायचं ब्रेक लावायला. मग झाडू मागं जाणार आणि धूळ इंजिनावर येणार.

---

खतावणी
मंगळवार, रात्री ९:०२

विचारलं त्याला. म्हणतो, मागंपण एक लावतो.